खिडकीतले बाळंतपण

ठाण्यातली एक जुनी, चार मजली सोसायटी. तिसऱ्या मजल्यावर शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई मुलगा, सून आणि दहा वर्षांच्या नातीसह राहतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या बाहेरच्या खोलीच्या खिडकीत, ग्रिलवर चढलेल्या मधुमालतीच्या वेलात बुलबुलाच्या जोडीने घरटे बांधले. वाटीएवढे, काड्या आणि बारीक मुळ्यांचे, बाहेरून कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेले. पाहता पाहता त्यात तीन अंडी दिसली. फिकट गुलाबी, वर लालसर तपकिरी शिंतोडे. नातीने शाळेची एक जुनी वही शोधून काढली आणि पहिल्या पानावर तारीख घातली.

त्याच आठवड्यात बाईंच्या खोकल्याचे निदान झाले.

खोकला दिवाळीपासूनचा. कोरडा, दिवसभर येणारा. आधी 'हवा बदलली' म्हणून काढे झाले, मग खोकल्याची औषधे, मग दम्याचा पंप. चार दिवस बरे वाटे, की पुन्हा मागचे पाढे पंचावन्न. मार्चपासून जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून दम घ्यावा लागू लागला. वजन उतरले. शेवटी छातीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला, बोटांची नखे निरखून पाहिली आणि विचारले, "बाई, घरी पक्षी पाळलाय का?"

"नाही हो. कुत्रं-मांजरसुद्धा नाही."

"आणि घराबाहेर? खिडकीत, डक्टमध्ये?"

बाई गप्प राहिल्या. मुलगा म्हणाला, "आईच्या खोलीच्या बाथरूमला लागून डक्ट आहे. तिथं कबुतरं बसतात. पण ती आपली नाहीत."

एचआरसीटी, फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी आणि रक्ताच्या तपासण्या झाल्या. निदान ठरले : हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस. सोप्या शब्दांत, श्वासावाटे आत गेलेल्या कणांच्या ॲलर्जीमुळे फुप्फुसांना आलेली सूज. बाईंच्या बाबतीत कारण होते डक्टमधली कबुतरे.

मुलाने घरी येताच फर्मान काढले. डक्टला जाळी बसणार, आणि मधुमालतीतले घरटेही आजच निघणार. पक्षी म्हटला की घराबाहेर. नातीने रडून घर डोक्यावर घेतले. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे. अखेर पुढच्या भेटीत हा प्रश्न डॉक्टरांपुढेच ठेवला गेला : बुलबुलाचे घरटे काढायचे, की राहू द्यायचे?

नाव-गाव बाजूला ठेवले तर अशी घरे आज शहरोशहरी सापडतील. कबुतरांमुळे होणाऱ्या आजाराच्या बातम्या लोक वाचतात आणि घाबरतात. ती भीती निराधार नाही. पण भीतीपोटी खिडकीतले प्रत्येक घरटे झाडूने पाडले जाते, तेव्हा आजार टळत नाही. फक्त एक घरटे कमी होते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घ्यायला हवे.

फुप्फुसांत काय घडते?

कबुतराच्या पिसांवर पिठासारखी बारीक भुकटी असते. पंख फडफडले की ती हवेत उडते. वाळलेल्या विष्ठेचा चुराही तसाच उडतो. दोन्हींत त्या पक्ष्याची प्रथिने असतात. हे कण इतके सूक्ष्म असतात, की नाक आणि घशाची गाळणी ओलांडून ते फुप्फुसांच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. बहुतेक माणसांना त्याने काहीच होत नाही. काहींची प्रतिकारयंत्रणा मात्र या प्रथिनांना शत्रू ठरवते आणि त्यांच्याशी लढू लागते. रणांगण असते वायुकोशांच्या नाजूक भिंतींचे. दम्यामध्ये श्वासनलिका आकसतात. येथे प्राणवायू रक्तात शिरतो ती जागाच सुजते. म्हणून दम्याचा पंप या आजाराला पुरा पडत नाही.

आजाराची दोन रूपे दिसतात. एकदम खूप धूळ आत गेली, उदाहरणार्थ विष्ठेने भरलेला माळा कोरड्या झाडूने झाडला, तर साधारण चार ते आठ तासांनी थंडी, ताप, खोकला आणि धाप लागते. दोन दिवसांत माणूस बरा होतो आणि 'व्हायरल होते' म्हणून विसरतो. दुसरे रूप जास्त फसवे. रोज थोडी थोडी धूळ, महिनोन् महिने, वर्षानुवर्षे. त्यात ताप नसतो. फक्त खोकला, हळूहळू वाढणारी धाप, थकवा, घटणारे वजन. काहींची नखे फुगीर होतात. स्टेथोस्कोपमधून वेल्क्रोची पट्टी उचकटल्यासारखा आवाज येतो. या टप्प्यात सुजेच्या जागी व्रण पडू लागतात, आणि व्रण पडलेले फुप्फुस पूर्ववत होत नाही.

अमेरिकेत कबुतरे पाळणाऱ्यांमध्ये या आजाराचे वर्णन १९६५ साली प्रसिद्ध झाले. भारतात फुप्फुसांच्या अशा पोतबिघाडाच्या आजारांची १९ शहरांतल्या २७ केंद्रांवर नोंद ठेवली गेली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. १०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस होता. त्यातल्या जवळपास निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी होता, हे विसरून चालणार नाही. कूलरमधली बुरशी, भिंतींची ओल, पिसांच्या उशा-गाद्या हीदेखील कारणे असू शकतात. सगळा दोष पक्ष्यांच्या माथी मारण्याआधी घरातही एक फेरी मारावी.

दोन घरटी, दोन तऱ्हा

डॉक्टरांनी मुलाला सांगितले, ते असे. दोन्ही घरटी पक्ष्यांचीच, पण एक बाळंतपणासाठी आलेल्या माहेरवाशिणीचे आणि दुसरे कायमचे बिऱ्हाड.

बुलबुल, शिंपी, शिंजीर यांसारख्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या पिल्लांची एक खासियत आहे. त्यांची विष्ठा एका पांढऱ्या, चिवट आवरणात गुंडाळलेली बाहेर येते. जणू निसर्गाने बांधून दिलेली डायपरची पुरचुंडी. पिल्लाला भरवून झाले की ते पाठ वळवते, आणि आई किंवा बाप ती पुरचुंडी चोचीत उचलून दूर नेऊन टाकतो. सुरुवातीच्या दिवसांत ती गिळूनही टाकतात. घाणीचा वास आणि पांढरे डाग यांवरून शत्रूला घरट्याचा पत्ता लागू नये, आणि पिल्ले रोगराईपासून दूर राहावीत, हा त्यामागचा हिशेब. म्हणून बुलबुलाचे घरटे शेवटपर्यंत बरेचसे स्वच्छ असते. शिवाय त्याचा मुक्कामही थोडा. अंडी घालण्यापासून पिल्ले बाहेर पडेपर्यंत चार आठवड्यांच्या आत सगळे आटोपते.

पारव्याचे, म्हणजे आपण ज्याला सरसकट कबूतर म्हणतो त्याचे, तसे नाही. त्याच्या पिल्लांची विष्ठा पुरचुंडीत येत नाही. ती घरट्यातच साचते, वाळते, चार काड्यांच्या त्या घरट्याला सिमेंटसारखी घट्ट करते. अंडी दोन, ती उबायला १७ ते १९ दिवस आणि पिल्ले उडायला साधारण महिना. पहिली पिल्ले घरट्यात असतानाच पुढची अंडी घालण्याचीही तयारी असते. अन्न मिळत राहिले तर हे चक्र वर्षभर चालते, आणि त्याच जागी. डक्टमध्ये ऊन नाही, पाऊस नाही, वारा नाही. थरावर थर चढत जातात आणि बाथरूमच्या झरोक्यातून, पंख्याच्या ओढीने, धूळ घरात येते.

साचलेल्या अशा विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशीही वाढते. एचआयव्हीचे रुग्ण, अवयव प्रत्यारोपण झालेले आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे यांना तिचा धोका अधिक.

म्हणजे पारवा खलनायक आहे का? मुळीच नाही. तो मूळचा कड्याकपारींत राहणारा पक्षी. आपण उंच इमारती बांधल्या, त्याला ते कडेच वाटले. त्याच्याइतका मन लावून पिल्ले वाढवणारा पक्षी विरळा. पारव्याची मादी आणि नर, दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत प्रथिने आणि स्निग्धांशाने भरलेले दुधासारखे अन्न तयार होते आणि तेच पिल्लांना भरवले जाते. हे 'दूध' ज्या संप्रेरकामुळे तयार होते ते प्रोलॅक्टिन, म्हणजे बाळंतिणीला दूध आणणारेच संप्रेरक. १९३३ साली ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला हे नाव दिले, तेही कबुतरांवरच्या प्रयोगांतून.

दोष पक्ष्याचा नाही, गर्दीचा आहे. आणि गर्दी आपण टाकलेल्या मूठ-मूठ दाण्यांनी वाढवली आहे. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या २०२३ च्या अहवालात अनेक पक्ष्यांची संख्या घटत असताना वाढलेल्या मोजक्या पक्ष्यांत पारवा आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, त्यावरून मुंबईत केवढा वाद झाला, हे सर्वांना आठवत असेल. श्रद्धा आणि आरोग्य यांच्या त्या वादात एक साधी गोष्ट बाजूला राहिली : दाणे न टाकणे म्हणजे पक्ष्यांशी वैर नव्हे.

डक्ट साफ करायची तर

बाईंच्या डक्टमध्ये त्या वेळी दोन पिल्ले होती, अर्धवट पिसे फुटलेली. डॉक्टरांनी मार्ग काढला. बाथरूमचा झरोका प्लास्टिक आणि चिकटपट्टीने हवाबंद करायचा आणि पिल्ले उडून जाईपर्यंत बाईंनी नाशिकला मुलीकडे जायचे. जागा बदलल्याने निदानाचाही पडताळा येणार होता. कारणापासून दूर गेल्यावर खोकला कमी झाला, तर शंकेला जागा उरत नाही.

सफाईच्या वेळी रुग्ण घरात नसावा, हा पहिला नियम. दुसरा नियम, कोरडे कधीही झाडू नये. विष्ठेचा थर आधी पाण्याने, शक्यतो ब्लीचिंगच्या सौम्य द्रावणाने, पूर्ण भिजवावा. मग खरवडून प्लास्टिकच्या पिशवीत बांधावा. सफाई करणाऱ्याने एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा वापरावा, नंतर कपडे लगेच धुवावेत. हे काम करणाऱ्या कामगाराला तोंडावर फडके बांधून डक्टमध्ये उतरवणे म्हणजे आपला आजार त्याच्या पदरात टाकणे. जाळी बसवण्याआधी आत अंडी-पिल्ले नाहीत ना, हे पाहावे. जाळी ताणून बसवावी. सैल जाळीत पक्षी अडकून मरतात.

आणि बुलबुल? डॉक्टरांचे उत्तर होते : घरटे राहू द्या, पण बाईंनी त्याच्याजवळ जायचे नाही. एकदा एका पक्ष्याच्या प्रथिनांची ॲलर्जी झाली, की दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांचीही बाधा होऊ शकते. बाई परत येतील तेव्हा ती खिडकी बंद असेल आणि त्या काचेआडून पाहतील. वेलाला पाणी दुसऱ्या कुणी घालायचे. पिल्ले गेली की मुलाने मास्क लावून घरटे काढायचे. हेच घरटे त्यांच्या झोपायच्या खोलीत असते, तर सल्ला वेगळा असता.

बाई नाशिकला गेल्या. निरीक्षणाचे काम नातीकडे आले आणि रोज रात्री आठ वाजता फोनवर वही वाचून दाखवायची, असे ठरले.

वहीत काय काय आले

अंडी उबण्याचे बारा-चौदा दिवस वरवर पाहता कंटाळवाणे असतात. मादी बसलेली, एवढेच दिसते. पण आत मोठी करामत चालू असते. अंडी उबवण्याच्या काळात मादीच्या पोटावरची पिसे गळतात, तिथल्या रक्तवाहिन्या वाढतात आणि उघडी, गरम त्वचा थेट अंड्यांना टेकते. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची 'कांगारू' पद्धत आज सरकारी रुग्णालयांत शिकवली जाते. पक्षी ती फार आधीपासून जाणतात.

"आज आई बहुतेक चार वेळा उठली," नातीने पहिल्याच रात्री वाचले.

"बहुतेक नको," पलीकडून बाई म्हणाल्या, खोकल्याची ढास थांबवत. "तू किती वेळ पाहत होतीस, आणि तेवढ्यात किती वेळा उठली, ते लिही. नाही दिसलं तर नाही दिसलं म्हणून लिही."

दुसऱ्या दिवसापासून वहीत वेळ येऊ लागली. सकाळी साडेसहा ते सात. संध्याकाळी सहा ते साडेसहा.

तेराव्या दिवशी दोन पिल्ले बाहेर आली. आंधळी, उघडी, जणू फक्त चोच आणि पोट. तिसरे अंडे तसेच राहिले. "आजी, ते का नाही फुटलं?" या प्रश्नाला बाईंनी खोटे उत्तर दिले नाही. सगळी अंडी फुटत नाहीत, म्हणाल्या.

मग धावपळ सुरू झाली. पिल्लांसाठी किडे, अळ्या, मऊ फळांचे तुकडे. दोघेही पालक आणत होते. चोच रिकामी झाली की पांढरी पुरचुंडी उचलून उडून जात. वहीत त्याचेही खूण करून मोजमाप होते. पाचव्या-सहाव्या दिवशी डोळे उघडले, पिसांच्या नळ्या दिसू लागल्या. बुलबुलाची पिल्ले साधारण बारा दिवसांत घरटे सोडतात, तेव्हा त्यांना धड उडताही येत नसते. त्यानंतरही पालक त्यांना भरवत राहतात.

आणखी कोण येते?

बुलबुल हा घराशी सलगी करणारा एकटाच पक्षी नाही. गॅलरीतल्या वायरीला, टांगलेल्या कुंडीला किंवा कपड्यांच्या दोरीला कचऱ्याचा लोंबता पुंजका दिसला, तर तोडण्याआधी नीट पाहावे. ते शिंजिराचे घरटे असू शकते. कोळ्याचे जाळे, सालींचे तुकडे, सुकी पाने असे काहीबाही चिकटवलेली ती थैली असते. बाजूला दार आणि दारावर पुढे आलेले छोटे छप्पर. आत बहुधा दोन अंडी.

शिंपी रुंद पानांच्या झाडावर येतो. पानांच्या कडांना चोचीने भोके पाडून त्यांतून कापूस, जाळे किंवा झाडाचे तंतू ओवतो आणि शिवलेल्या पानाच्या द्रोणात घरटे करतो. दयाळ आणि साळुंकी भिंतीतली भोके, पाइपांची तोंडे शोधतात.

चिमणीलाही पोकळीच लागते. वाड्यात ती तसबिरीमागे, वाशांच्या फटीत, पंख्याच्या वाटीत संसार थाटायची. काच आणि काँक्रीटच्या घरात तिला फट उरली नाही. २०२० च्या अहवालानुसार देशभरात चिमण्यांची संख्या मोठ्या काळात बरीचशी स्थिर असली, तरी मुंबईसह सहा महानगरांत ती हळूहळू घटते आहे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या 'नेचर फॉरएव्हर सोसायटी'च्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. घरटे-पेटी लावायची तर भोक साधारण सव्वा इंचाचे, म्हणजे ३२ मिलिमीटरचे असावे. त्यातून पारवा शिरू शकत नाही. पेटी सावलीत, मांजराचा हात पोहोचणार नाही इतकी उंच लावावी. चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना मुख्यतः किडे भरवते. म्हणून कुंड्यांवर कीटकनाशकाचा मारा आणि शेजारी चिमणीची पेटी, हे एकत्र नांदत नाही.

पाहण्याची रीत

बाळंतिणीच्या खोलीत आपण जसे वागतो, तसेच घरट्यापाशी वागावे. गर्दी नाही, मोठा आवाज नाही, सारखे डोकावणे नाही. चोचीत अळी धरून पक्षी समोरच्या तारेवर बसून राहिला आहे, घरट्यात जात नाही, तर समजावे की आपण फार जवळ आहोत. मागे सरकावे. फोटोसाठी वेलाची पाने बाजूला करू नयेत. तीच पाने पिल्लांना उन्हापासून आणि कावळ्याच्या नजरेपासून वाचवत असतात. फ्लॅश तर नकोच.

'माणसाचा हात लागला की आई पिल्लांना टाकते' ही समजूत मात्र खरी नाही. बहुतेक पक्षी वासावरून पिल्लू नाकारत नाहीत. अंगावर पिसे नसलेले पिल्लू खाली पडले असेल, तर ते हलक्या हाताने घरट्यात परत ठेवावे आणि हात साबणाने धुवावेत. पिसे आलेले, टुणटुण उड्या मारणारे पिल्लू 'पडलेले' नसते; ते उडायला शिकत असते. मांजर-कुत्रे दूर ठेवावे, फार तर त्याला जवळच्या फांदीवर बसवावे. पालक आसपासच असतात. कळवळून त्याच्या चोचीत पाणी किंवा दूध सोडू नये. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशीच असते. एक थेंब चुकीच्या वाटेने गेला तरी पिल्लू गुदमरते. जखमी पक्ष्यासाठी महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये.

कायद्याचेही भान हवे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी फोडणे आणि अंडी किंवा घरटे यांना उपद्रव देणे हेही येते.

पिल्ले गेल्यावर रिकामे घरटे काढून टाकणे चांगले. त्यात कधी कधी पक्ष्यांच्या अंगावरचे बारीक माइट असतात. रक्त पुरवणारी पिल्ले गेली की ते घरात शिरतात आणि माणसांना चावतात. अंगावर खाज सुटणारे लाल ठिपके उठतात. ते माणसाच्या अंगावर वस्ती करत नाहीत. घरटे काढून जागा पुसली की त्रास थांबतो. पण काढण्याआधी ते खरोखर रिकामे आहे, याची दोन-तीन दिवस खात्री करावी.

पाहणाऱ्याला काय मिळते?

१९८४ साली रॉजर उलरिच यांनी एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हानियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये १२९२ जणांच्या मोबाइलवरील नोंदींतून दाखवले, की पक्षी दिसणे किंवा ऐकू येणे याच्याशी बरे वाटण्याचा संबंध आहे, तो काही तास टिकतो आणि नैराश्याच्या रुग्णांतही दिसतो. याचा अर्थ बुलबुल हे औषध आहे असा नव्हे. गोळ्या बंद करून खिडकीत बसा, असे कुणीही सांगणार नाही. पण दीर्घ आजारात माणसाचे सगळे लक्ष स्वतःच्या शरीराकडे वळते : आज धाप किती, ढास किती, ऑक्सिजन किती. त्या लक्षाला बाहेर जायला एक खिडकी मिळणे, ही लहान गोष्ट नाही.

आणि त्यासाठी जंगलात जावे लागत नाही. १९३० साली नोकरी हातची गेल्यावर सलीम अली अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे घराजवळ सुगरणींची वसाहत होती. ती रोज पाहता पाहता त्यांच्या लक्षात आले, की नर अर्धे घरटे विणून थांबतो, मादीने पसंत केले की ते पुरे करतो आणि लगेच दुसरीसाठी दुसरे विणायला घेतो. सुगरणीच्या संसाराचे हे कोडे दुर्बिणीपेक्षा चिकाटीने सुटले.

बाई जूनअखेर नाशिकहून परतल्या. तोवर डक्टमधली पिल्ले उडाली होती, सफाई होऊन जाळी बसली होती, आणि बाईंची ढास निम्म्याहून कमी झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बंद काचेआड खुर्ची टाकून त्या बसल्या. पावणेसातला पहिले पिल्लू घरट्याच्या काठावर चढले, वेलावर घसरले, सावरले आणि पलीकडच्या आंब्यापर्यंत कसेबसे गेले. दुसरे दहा मिनिटांनी. तिसरे अंडे घरट्यात तसेच होते.

गणपतीत त्यांचा खोकला जवळजवळ थांबला. औषधे चालू आहेत, दर तीन महिन्यांनी तपासणी आहे. एचआरसीटीतले व्रण तसेच आहेत आणि ते राहणार आहेत. हाच प्रश्न त्यांना कुणी दिवाळीत विचारला असता, तर कदाचित ते कमी असते. तिसरा मजला त्या आता एकदा थांबून चढतात.

घरटे मुलाने चौथ्या दिवशी काढले, मास्क आणि हातमोजे घालून, पाणी शिंपडून. वेल मात्र छाटला नाही. वहीच्या शेवटच्या पानावर नातीने लिहिले आहे : "तीन अंडी. दोन पिल्ले. दोन्ही उडाली, आजीने आणि मी पाहिली." त्यात 'बहुतेक' हा शब्द नाही.